पाहणी झाली नाही

एच. डी. कोटे
जि. म्हैसूर, २१ नोव्हेंबर २०२४

चि. मधू मरीला, माझ्या लेकराला, पुष्पक्काचे आशीर्वाद.

फोन केला नाही, कारण फोनवर माझ्या तोंडात कन्नडच येतं आणि पाच मिनिटांत सगळं आटपतं. तुझ्या आईने मला ही अक्षरं शिकवली ती पत्रं लिहिण्यासाठीच, असं मी धरून चालते. चुका काढू नकोस. तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतेस, मराठी नाही.

एक गोष्ट तुला मुद्दाम सांगितली नव्हती. झालं की सांगू, म्हणून. आम्ही सव्वीस बायका कापड रंगवतो ते तुला ठाऊक आहे. प्रत्येकीचं भांडं तिच्या परसात, आणि रंगाचं पाणी तिथूनच ओढ्याला. ओढा पुढे धरणाकडे जातो. मग आमच्या सुनेने, नव्याने, ठरवलं की सरकारच्या प्रादेशिक विकास निधीकडे अर्ज करायचा. एक मोठी शेड, सगळ्यांना मिळून भट्टी, आणि पाणी स्वच्छ करून सोडणारी टाकी. आमच्या किरणकुमारची बायको म्हणून सांगत नाही, पण चार महिने त्या पोरीने नकाशे, दाखले, बाजारभाव, सगळं गोळा केलं. मी अध्यक्ष, म्हणजे सही करायला.

परवा मंगळवारी पाहणी होती. निधीच्या मंडळाचे साहेब दहाला येणार असं पत्र आलं होतं. आम्ही जुनी शेड सारवली, भांडी घासून ओळीने लावली. आमच्यातल्या गोदाने चित्रान्नाचा भात केला. मी तुझ्या आईने दिलेलं हिरवं लुगडं नेसले. साडेअकराला वळणावर एक पांढरी गाडी आली. आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. गाडी थांबली, पेलाभर पाणी पिऊन होईल एवढा वेळ. मग वळली आणि गेली.

एक वाजता ऑफिसचा फोन आला, साहेबांची तब्येत बरी नाही, पाहणी होणार नाही. तरी आम्ही चारपर्यंत बसलो. सुम्ने, उगीच.

आता सगळ्या म्हणतात ते असं. सकाळी नव्याने मंजिष्ठेच्या रंगाचं मोठं भांडं रिकामं केलं होतं. ते पाणी रस्त्याच्या चरातून थेट वळणापर्यंत गेलं होतं, लालभडक. गोदा म्हणाली, "अर्जात स्वच्छ पाण्याची टाकी मागतो, आणि साहेब यायच्या वेळी ही बाई रस्त्यावर रक्त सांडल्यासारखं करून ठेवते. कोण उतरेल गाडीतून?" नव्या काही बोलली नाही. मीही नाही बोलले.

तुला असल्या कमिट्यांचं ठाऊक असेल. साहेब असं पाहून परत जातात का? तेवढं कळव.

पुष्पक्का

*

म्हैसूर, बन्नीमंटप
२७ नोव्हेंबर २०२४
(हे पत्र मधुमिताने टपालात टाकलं नाही.)

पुष्पक्का,

ती गाडी माझी होती.

एवढं लिहून मी उठले, चहा केला, प्यायले, कप धुतला. परत आले तर वाक्य तिथेच होतं.

मंडळाने अर्ज तपासायला पाच जणांना नेमलं आहे, त्यातली मी एक. ऑगस्टमध्ये पहिली बैठक झाली. अर्जांच्या फायली यायच्या होत्या, पण आधीच एक कागद पुढे आला: 'कोणत्याही अर्जदाराशी माझं नातं, स्नेह किंवा हितसंबंध नाही.' पाचही जणांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवत सह्या केल्या. ज्यांची नावंही अजून पाहिली नाहीत त्यांच्याशी आपला संबंध नाही, असं आम्ही लिहून दिलं. सगळीकडे असंच चालतं, असं मला तेव्हा वाटलं. आताही चालतच असेल.

सप्टेंबरमध्ये चौदा फायली घरी आल्या. अकरावी तुझी. सगळा अर्ज कन्नडमध्ये, आणि खाली तुझी सही देवनागरीत. आईने शिकवलेला, पोटाला जरा मोठा असलेला तो 'प'.

त्या दिवशी एक फोन करायचा होता. या अर्जदार मला लहानपणापासून ओळखतात, ही फाईल दुसऱ्याला द्या. दोन मिनिटांचं काम होतं. पण मग आधीची सही बिनविचारात केली हे कबूल करावं लागलं असतं. आणि खरं सांगते, मला वाटलं, दुसरा कुणी असेल तर त्याला ही बायकांची भांडीकुंडी कळणार नाहीत. मला कळतील. मी फक्त कडक राहीन.

कडक राहिले. दुसऱ्या अर्जाला जिथे आठ गुण दिले, तिथे तुला सात. प्रत्येक सदरात. कुणी उद्या विचारलंच तर दाखवता यावं म्हणून. तुझ्याकडून काही उकळायचं नव्हतं, तुला काही द्यायचंही नव्हतं. मला फक्त स्वतःला स्वच्छ पाहायचं होतं.

मंगळवारी गाडीत मी पाठ करत होते: नमस्कार, मी मूल्यमापक, अध्यक्ष कोण? मग वळण आलं आणि तू दिसलीस. आईचं लुगडं. तू चार पावलं पुढे आलीस. मला कळलं की तू माझं तोंड दोन्ही हातांत धरशील, ड्रायव्हरसमोर, सव्वीस बायकांसमोर. मी म्हटलं, वळवा. तो म्हणाला, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, बरं वाटत नाहीये. तेही खोटं नव्हतं.

पाहणी झाली नाही, तर पाण्याच्या सदरात निम्म्याच्या वर गुण देता येत नाहीत. हा नियम मला नंतर कुणी सांगितला नाही. तो मसुदा करणाऱ्यांत मी होते. दुसरी तारीख मागता आली असती. दुसरा माणूस मागता आला असता. मी लिहिलं, 'पाहणी झाली नाही. कारण प्रकृती.'

लाल पाणी मी पाहिलं नाही, अक्का. माझं लक्ष तुझ्याकडे होतं.

*

म्हैसूर
३० नोव्हेंबर २०२४

पुष्पक्का, नमस्कार.

पत्र मिळालं. तुझ्या अक्षरात एकही चूक नाही, असती तरी मी काढली नसती.

कमिट्यांचं मला फारसं ठाऊक नाही. पण नुसतं चरातलं पाणी पाहून कुणी परत जाईल असं वाटत नाही. ती गाडी कबिनीचं जंगल पाहायला जाणाऱ्या प्रवाशांची असेल. हल्ली त्या रस्त्याला बेंगळूरच्या गाड्या फार येतात, वाट चुकतात, वळतात. ऑफिसचा फोन आला होता ना, तेच खरं धरावं. नव्याला कुणी बोलू नये. तिचा काही दोष नाही, हे तू सगळ्यांना सांग.

तुझा जावई संकर्षण सोमवार ते शुक्रवार बेंगळूरला असतो, त्यामुळे घर शांत आहे. परीक्षेचे पेपर आलेत. थंडी पडू लागली आहे, गुडघ्यांना तेल लाव.

तुझी मधू

*

एच. डी. कोटे
२० जानेवारी २०२५

चि. मधूला आशीर्वाद.

निकाल आला. शंभरात छप्पन्न. साठ हवे होते.

कागद सोबत जोडला आहे. त्यात लिहिलं आहे की प्रत्यक्ष पाहणी न झाल्याने सांडपाण्याच्या सदरात निम्मेच गुण दिले. किरणने तीनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, पाहणी झाली नाही म्हणजे काय, गाडी तर आली होती. तर गोदा म्हणाली, "पाहिलं असं लिहिलं असतं तर काय पाहिलं तेही लिहावं लागलं असतं. सज्जन माणूस, म्हणून पाहिलंच नाही असं लिहिलं." आता ती गोष्ट तशीच ठरली आहे. तू प्रवाशांचं लिहिलंस ते मी वाचून दाखवलं. कुणाला पटलं नाही.

आमचे यजमान काय म्हणतात, असं विचारू नकोस. सुब्बराव दुकानात बसतात आणि म्हणतात, बायकांच्या भानगडीत मला ओढू नका.

नव्याने शेडमध्ये यायचं सोडलं. कुणी ये म्हटलं नाही, कुणी नको म्हटलं नाही. ती आली की बोलणं बंद व्हायचं, तेवढंच. किरणसुद्धा म्हणाला, "तुला तो एकच दिवस सापडला का भांडं ओतायला?" पापा, बिचारीने तेही ऐकून घेतलं.

आता तिने तुमच्या म्हैसूरच्या हेब्बाळला कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं आहे. इथून रोज जाणं-येणं होत नाही. तुझ्याकडे एक खोली रिकामी असते ना. महिना-दोन महिने ठेवून घेशील का? कंपनीची बस बन्नीमंटपावरूनच जाते म्हणे. ती खाण्यापिण्याचा त्रास देणार नाही. बोलतही नाही फार.

कागदाच्या मागे लिहिलं आहे की पंचेचाळीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. फेब्रुवारीच्या सत्तावीसपर्यंत. पण त्याला काही नवं कारण दाखवावं लागतं. आमच्याकडे काय कारण आहे? तुला सुचलं तर लिही.

पुष्पक्का

*

म्हैसूर
९ फेब्रुवारी २०२५

पुष्पक्का, नमस्कार.

नव्या नीट पोचली हे फोनवर सांगितलंच. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ती पहाटे उठून तिच्या नि माझ्या दोघींच्या भाकऱ्या टाकून जाते. मी नको म्हटलं तर म्हणाली, "मावशी, दोघींचं पीठ एकदम मळलं तर हात एकदाच धुवावे लागतात." संध्याकाळी येते तेव्हा पाय सुजलेले असतात. दिवसभर उभं राहून खोक्यांना पट्ट्या मारायच्या. मी विचारलं, काम कसं आहे? म्हणाली, "तिथे काही बिघडलं तर कुणी बिघडवलं ते मशीनच सांगतं. बरं आहे." हसून म्हणाली, म्हणून मीही हसले. नंतर मला जेवण गेलं नाही.

तिची मराठी अडली की ती कन्नडमध्ये जाते आणि मग भरभर बोलते. परवा तिने मला तुमच्या टाकीचा नकाशा काढून दाखवला, बसच्या तिकिटाच्या मागे. पहिल्या कप्प्यात खडी, दुसऱ्यात कोळसा, तिसऱ्यात कर्दळी. कर्दळी पाणी पितात आणि वाढतात, त्याचं खत होतं. अक्का, मी असे कितीतरी प्रकल्प वाचले आहेत, म्हणजे विद्यार्थ्यांचे वगैरे. इतका विचार केलेला क्वचित पाहिला.

मी विचारलं, त्या दिवशी भांडं का रिकामं केलं? कुणी सांगितलं होतं का?

ती म्हणाली, "कुणी कशाला सांगेल."

मग तिने पेनाला टोपण लावलं. नंतर म्हणाली, "मावशी, तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून विचारते. एखाद्या गोष्टीकडे किती वेळ पाहिलं म्हणजे ती पाहिली असं धरतात? ती गाडी मी मोजून सांगते, दोन मिनिटंसुद्धा थांबली नव्हती. आम्ही चार महिने खपलो होतो."

मी तिकिटावरचा नकाशा पाहत राहिले. तिला वाटलं, मी विचार करते आहे.

फेरविचाराच्या अर्जाचं माझ्या मनात आहे. कारण शोधते आहे. थोडा वेळ दे.

मधू

*

एच. डी. कोटे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. मधूला आशीर्वाद.

वेळ आहे कुठे? अकरा दिवस राहिले.

काल बायकांची बैठक झाली. फेरविचाराच्या अर्जात काय लिहायचं ते त्यांनी ठरवलं. कन्नडमध्ये कच्चं लिहून सोबत पाठवते. तू ते ऑफिसच्या भाषेत नीट करून दे. मुख्य वाक्य हे: 'पाहणीच्या दिवशी रंगाचं पाणी उघड्यावर सोडणाऱ्या सदस्येला संस्थेतून कमी करण्यात आलं आहे, यापुढे अशी चूक होणार नाही.' नाव घालायचं की नाही यावर वाद झाला. घालायचं ठरलं. नाव घातलं की विश्वास बसतो, असं गोदा म्हणाली.

किरण बैठकीला होता. उठून गेला नाही.

मला हे आवडलं असं समजू नकोस. पण सव्वीस घरांचं आहे. एकीचं नाव जाऊन पंचविसांना शेड मिळत असेल तर, असं त्या म्हणतात. मी अध्यक्ष आहे, माझी सही लागेल. लिहिणारे हात मात्र तुझे असू देत. तू लिहिलंस तर ते बरोबर आहे असं मी समजेन.

नव्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव. तुझ्याच घरात आहे.

पुष्पक्का

*

म्हैसूर
२० फेब्रुवारी २०२५

पुष्पक्का,

तुझं वाक्य मी ऑफिसच्या भाषेत केलं नाही. करायला बसले होते. 'सदर सदस्येस' इथपर्यंत लिहिलं, आणि आत तिची अंघोळ चालली होती, बादलीचा आवाज येत होता. पुढे हात गेला नाही.

तुमच्या अर्जाची तपासणी माझ्याकडे होती. वळणावर आलेली गाडी माझी होती. ती मी वळवली. लाल पाणी पाहून नाही. तुला पाहून. तुझ्याशी ओळख आहे हे मी लपवलं होतं आणि तिथे उतरले असते तर ते उघडं पडलं असतं, म्हणून. नोव्हेंबरमध्ये हे सगळं लिहिलेलं एक पत्र माझ्या कपाटात आहे. त्याऐवजी मी तुला प्रवाशांच्या गाडीचं पत्र पाठवलं. दोन्ही याच टेबलावर लिहिली.

आज सकाळी मंडळाच्या ऑफिसात जाऊन मी लेखी दिलं: अर्जदार संस्थेच्या अध्यक्षांशी माझा लहानपणापासूनचा स्नेह आहे, तो मी कळवला नाही, पाहणी प्रकृतीमुळे नव्हे तर त्यामुळे टाळली, म्हणून माझे गुण रद्द धरून दुसऱ्या व्यक्तीकडून तपासणी करावी. पोच घेतली आहे, तिची प्रत सोबत आहे. हेच तुमचं नवं कारण. फेरविचाराच्या अर्जाला ही प्रत जोडा, दुसरं काही लिहू नका. कुणाचंही नाव घालू नका.

ऑफिसातले अधिकारी म्हणाले, "मॅडम, एवढं लिहायची गरज नव्हती. तब्येतीचंच ठेवलं असतं तरी फेरतपासणी देता आली असती." मी म्हटलं, मग माणसं दोष द्यायला कुणाला तरी धरून बसतात. त्यांना कळलं नाही. आता मी यादीत राहणार नाही. कॉलेजलाही कळवतील. कॉलेजचं काय होईल, ठाऊक नाही. त्याची भीती वाटते, हेही तुला सांगून ठेवते. मी फार धीराने हे केलं असं वाटू नये.

नव्याला काल संध्याकाळी सांगितलं. ती ओट्यापाशी शेंगा सोलत होती. सोलत राहिली. मग विचारलं, "तुम्ही पाणी पाहिलं होतं?"

"नाही."

"खरंच नाही?"

"खरंच नाही."

"मग मी त्या सगळ्यांना तेव्हापासून काय सांगत होते? पाहिलं नसेल, पाहिलं नसेल. शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, पाहिलं असेल."

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "कागदावर लिहून दिलंत ते ऑफिसला. बायका ऑफिसचे कागद वाचत नाहीत, मॅडम. तुम्ही शेडमध्ये येऊन सांगा. सगळ्या असताना." महिनाभर मी तिची मावशी होते. आता मॅडम झाले. शेंगांची टोपली तिने पुसून जागेवर ठेवली आणि आज पहाटे कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. भाकऱ्या दोघींच्या करून गेली आहे.

तू मला सहा वर्षं सांभाळलंस, आई आजारी होती तेव्हा. त्याची परतफेड अशी केली. तू काही लिहावंस अशी अपेक्षा नाही. कधी यायचं तेवढं कळव.

मधुमिता

*

एच. डी. कोटे
३ मार्च २०२५

मधू,

तुझं पत्र मी दहा दिवस ठेवून घेतलं. राग होता म्हणून नाही. मला माझं काम आधी करायचं होतं.

गाडीत तू होतीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. काच वर होती. पण गाडी वळताना तू डोकं खाली घातलंस. त्या मानेवर मी सहा वर्षं वेण्या घातल्या आहेत. कुणाची मान ते मला कुणी सांगायला नको.

दोन दिवस विचार केला आणि तुला पत्र लिहिलं. वाटलं, विचारलं की सांगेल. तुझं उत्तर आलं, प्रवाशांची गाडी. मग मला राग आला, तो मी कुणाला दाखवला नाही, मात्र त्या पोरीला तुझ्या घरी आणून ठेवलं. खोलीची गरज तिला होतीच. पण तेवढ्यासाठी नाही पाठवलं. रोज तुझ्या डोळ्यांसमोर असेल तर बोलशील, म्हणून. ते वाक्य लिहायला सांगितलं तेही त्यासाठीच. तू लिहून पाठवलं असतंस तर मी सही केली असती का, हे मला ठाऊक नाही. ते विचारू नकोस.

आता माझं. मंजिष्ठेचं भांडं रिकामं कर असं नव्याला मीच सांगितलं होतं. साहेब येणार, भांडी चकचकीत दिसू देत, म्हणून. ती म्हणाली होती, "अत्ते, टाकी नाही अजून, पाणी रस्त्यावर जाईल." मी म्हटलं, जाऊ दे, आज एक दिवस. दुपारी गोदाने तिला धरलं तेव्हा मी तिथेच होते. मी सांगितलं असा एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. नाही बोलले. अध्यक्षबाईच चुकल्या म्हटलं असतं, त्याची लाज वाटली. आणि गाडीत कोण होतं ते सांगावं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आमचीच मुलगी आम्हाला पाहून पळाली असं. दोन्ही मी गिळलं. नव्याला पहिलं ठाऊक होतं. साडेतीन महिन्यांत तिने ते कुणाला सांगितलं नाही, किरणलाही नाही. तू विचारलंस तेव्हाही नाही. सगळ्यांत जास्त ते मला लागतं.

फेरविचाराचा अर्ज पंचवीस तारखेला दिला, तुझी पोच जोडून, दुसरं काही न लिहिता. जुने गुण रद्द झाले असं पत्र आलं आहे. एप्रिलमध्ये नवा माणूस येईल, शिवमोग्ग्याकडचा. मिळेलच असं कुणी म्हणत नाही. भांडी या वेळी आहेत तशी ठेवायची असं ठरलं आहे.

परवा शनिवारी मी शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, माझंही आणि तुझंही. किरण दुसऱ्या दिवशी म्हैसूरला गेला तिला आणायला. ती बसस्टॉपवर त्याला भेटली आणि म्हणाली, "मला आणायला नको. रस्ता मला माहीत आहे. त्या बाईंनी शेडमध्ये येऊन सांगू दे, मग मी येईन." तो एकटाच परत आला. आज सकाळपासून कापडांना छाप मारायला तोच बसला आहे, वाकडे मारतो.

तू या रविवारी ये, नऊ तारखेला. बायका दहाला जमतात. बसने ये किंवा कशानेही ये, पण दहाला ये. सांगायचं ते लांबवू नकोस. अर्थशास्त्र सांगू नकोस, नियम सांगू नकोस. गाडी माझी होती आणि पाणी मी पाहिलं नाही, एवढंच.

मी सांगितलं तेव्हा त्या ओरडतील असं धरून गेले होते. कुणी ओरडलं नाही. गोदाने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. बाकीच्या आपापल्या कापडाकडे वळल्या. मी तिथे उभी राहिले, मग बसले, मग मीही एक कापड घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझंही तसंच होईल, तयारी ठेव. जेवायला थांब असं कुणी म्हणेल असं समजू नकोस. मी म्हणेन की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

पुष्पक्का